घरी बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि प्रीअ‍ॅम्प्लिफायरचा पेच

१/८
एप्रिल-मे १९४७. लंडनच्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात डी. टी. एन. विल्यमसन या तरुण अभियंत्याने घरी बांधता येईल अशा पॉवर अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा प्रसिद्ध केला. शक्ती १५ वॅट, विकृती जेमतेम ०.१ टक्का. हौशी मंडळी कामाला लागली. पण एक प्रश्न उरलाच: त्याच्याआधी प्रीअ‍ॅम्प्लिफायर कोणता जोडावा?

२/८
चुंबकीय पिकअपमधून येणारा संकेत अवघा काही मिलिव्होल्टचा. पॉवर अ‍ॅम्प्लिफायरला मात्र एक-दोन व्होल्ट हवेत. मधली शेकडो पटींची वाढ प्रीअ‍ॅम्प्लिफायर करतो. तेवढेच काम असते तर निवड सोपी होती. परंतु तबकडीत कोरलेला ध्वनी मुळात गायलेल्या ध्वनीसारखा नसतोच.

३/८
खर्ज पूर्ण जोराने कोरला, तर खोबण शेजारच्या खोबणीत घुसते. म्हणून मुद्रणाच्या वेळी तो दाबतात. उंच स्वर पुढे वाढवून कोरू लागले, कारण तबकडीची खरखर त्यांच्याखाली झाकली जाते. ऐकताना ही प्रक्रिया नेमकी उलटवावी लागते. यालाच इक्वलायझेशन म्हणतात.

४/८
मात्र किती दाबावे, किती वाढवावे, यावर एकमत नव्हते. अनेक ब्रिटिश ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत खर्ज २५० हर्ट्झच्या आसपासपासून खाली दाबलेला असे. कोलंबियाने १९४८ मध्ये आणलेल्या एलपीत ही सीमा ५०० हर्ट्झ होती. १९५१ मध्ये अमेरिकेतील ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीने ४०० सुचवली.

५/८
त्यामुळे बांधणाऱ्यापुढे दोन वाटा होत्या. एकाच वक्राचे साधे सर्किट घेतले, तर खर्च आणि गुणगुण कमी, पण निम्मा संग्रह बेसूर. निवडीचे बटण असलेले सर्किट घेतले, तर प्रत्येक तबकडी सावरता येई. पण सुटे भाग वाढत आणि तबकडी कोणत्या वक्राची, हे ठाऊक असावे लागे. १९४९ मध्ये विल्यमसनने स्वतःच टोन कंट्रोल आणि ग्रामोफोनच्या पूरक सर्किटांवर लेख लिहिले.

६/८
ऑक्टोबर १९५२ मध्ये पीटर बॅक्झँडलचे टोन कंट्रोल त्याच मासिकात आले. खर्ज आणि उंच स्वर यांसाठी स्वतंत्र बटणे, कानाला रुचेल तसे फिरवावे. सोय मोठी होती. पण कानाने लावलेला अंदाज म्हणजे मूळ वक्र नव्हे.

७/८
१९५४ मध्ये अमेरिकेच्या रेकॉर्डिंग इंडस्ट्री असोसिएशनने, म्हणजे आरआयएएने, एक समान वक्र ठरवला: ५०, ५०० आणि २१२२ हर्ट्झ हे त्याचे टप्पे. पुढे तो जगभर रुळला. निवडीची बटणे हळूहळू नाहीशी झाली आणि घरी बांधणाऱ्याचा पेच सुटला, निदान नव्या तबकड्यांपुरता.

८/८
जुन्या तबकड्या मात्र होत्या तशाच राहिल्या. बालगंधर्वांची ७८ फेऱ्यांची तबकडी आज आरआयएए प्रीअ‍ॅम्प्लिफायरवर लावली, तर जे उंच स्वर कधी वाढवलेच नव्हते तेही तो दाबतो. १०,००० हर्ट्झला ते सुमारे एक-पंचमांश उरतात. खर्ज उगाच फुगतो. १९२५ पूर्वीचे मुद्रण तर भोंग्यासमोर गाऊन झालेले, त्याला यांपैकी कोणताच वक्र लागू नाही. अशा वेळी आवाज घोगरा वाटला, तर दोष गायकाला देण्याआधी यंत्र तपासावे. जुने ध्वनिमुद्रण हे ऐतिहासिक साधन आहे, आणि प्रीअ‍ॅम्प्लिफायर निवडणे हे त्याच्या वाचनाची पहिली पायरी.