कॅल्क्स : चुन्याचे नाव, धातूची राख

कॅल्क्स या लॅटिन शब्दाचा अर्थ चुना. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. शिसे किंवा कथील हवेत तापवत ठेवले की चकाकी जाऊन भुकटी उरते. युरोपातील किमयागारांनी त्या भुकटीलाही कॅल्क्सच म्हटले. आपला शेंदूर हे शिशाचे असेच कॅल्क्स.

साम्य डोळ्यांपुरते होते. १०० किलो शुद्ध चुनखडीचा ५६ किलो चुना होतो, उरलेला भाग वायू होऊन जातो. १०० किलो शिशाचे मुर्दाडशिंग मात्र सुमारे १०८ किलो भरते. तरी स्टालच्या मते धातू जळताना त्यातून ‘फ्लॉजिस्टन’ निघून जाई. म्हणजे कॅल्क्स मूळ पदार्थ आणि धातू संयुग! वजन वाढते हे ठाऊक नव्हते असे नाही. झां रे याने १६३० मध्येच ती वाढ हवेमुळे होते असे लिहिले होते. त्याचे कोणी मनावर घेतले नाही, यात चुन्याकडून उसन्या आणलेल्या नावाचाही थोडा हात असावा, असे मला वाटते.

माझ्या टिपणवह्यांत मी कित्येक वर्षे कॅल्क्ससाठी ‘भस्म’ लिहीत आलो. ती चूक होती. रसशास्त्रातले भस्म औषध असते आणि ते नेहमी ऑक्साइडच असते असेही नाही. सुवर्णभस्मात सोने बहुतांशी सोनेच राहते. शिवाय भस्म ‘अपुनर्भव’ हवे. गूळ, गुंजा, मध, तूप आणि टाकणखार यांच्याबरोबर तापवूनही त्यातून धातू परत येता कामा नये. गूळ-मध जळून कोळसाच होतो, म्हणून ही कसोटी मला विलक्षण वाटते. युरोपात उलट, कोळशाबरोबर तापवून कॅल्क्समधून धातू परत मिळे आणि तोच फ्लॉजिस्टनचा पुरावा मानला जाई.

तो पुरावा पाऱ्याने ढिला केला. पाऱ्याचे तांबडे कॅल्क्स कोळशाशिवाय, नुसत्या उष्णतेने पारा परत देते. १ ऑगस्ट १७७४ रोजी प्रिस्टलीने भिंगाने ऊन एकवटून ते तापवले आणि निघालेल्या वायूत मेणबत्ती झगझगीत पेटली. त्याच वायूला लाव्हाझिएने पुढे ऑक्सिजन म्हटले. १७८७ मध्ये त्याने आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी रसायनांची नवी नामावली छापली, तीत कॅल्क्सच्या जागी ऑक्साइड आला.

गंमत पुढेच आहे. १८०८ मध्ये डेव्हीने विजेच्या साहाय्याने चुन्यातून एक धातू वेगळा काढला आणि कॅल्क्सवरूनच त्याचे नाव ठेवले, कॅल्शियम. ज्या चुन्याचे नाव धातूंच्या राखेला दिले होते, तो चुना स्वतःच एका धातूचा ऑक्साइड निघाला.