हिगोनोकामी : तलवारीनंतर उरलेले पाते

१/
चाकूंचे शौकीन जगभर आहेत. रोज खिशात असणारा घडीचा चाकू तळहातावर ठेवून ते एकमेकांना दाखवतात. कुणाचा फ्रान्सचा लाकडी मुठीचा, कुणाचा स्वित्झर्लंडचा लाल. या गर्दीत एक जपानी चाकू हमखास दिसतो. पितळी पत्रा दुमडून केलेली मूठ, तिच्यावर कोरलेली चित्रलिपी आणि फळे चिरून काळसर-निळसर झालेले पाते. त्याचे नाव हिगोनोकामी. आजचा धागा या चाकूविषयी आणि त्याच्या निमित्ताने एका जुन्या प्रश्नाविषयी : पाते कुणी बाळगावे, हे कोण ठरवते?

२/
प्रथम चाकूची रचना. त्याचे भाग मोजून चार : पाते, दुमडलेल्या पत्र्याची मूठ, दोहोंना जोडणारा खिळा आणि खिळ्याभोवतीची चकती. स्प्रिंग नाही, खटका नाही. पात्याच्या मुळाशी मागच्या बाजूस एक लहान दांडा असतो. त्याला चिकिरी म्हणतात. अंगठ्याने चिकिरी दाबली की पाते उघडते. काम करताना अंगठा तिच्यावरच टेकलेला असतो, म्हणून पाते मिटत नाही. थोडक्यात, या चाकूची सुरक्षा वापरणाऱ्याच्या अंगठ्यात आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

३/
आता एक लोकप्रिय कथा. ‘मेइजी सरकारने सामुराईंच्या तलवारींवर बंदी घातली, तलवारी घडवणारे लोहार बेकार झाले आणि त्यांनी पोटासाठी हिगोनोकामी घडवला.’ ही कथा आपण अनेकदा वाचली असेल. ती ऐकायला सुंदर आहे. परंतु सुंदर कथा पुढे आली की इतिहासाच्या विद्यार्थ्याने आधी तारखा आणि स्थळे तपासावीत. तशी ती तपासली, तर कथेचा बराचसा भाग गळून पडतो. जे उरते ते मात्र मूळ कथेपेक्षा अधिक रंजक आहे.

४/
त्यासाठी तीन शतके मागे, १५७८ मध्ये जाऊ. स्थळ मिकी, तेव्हाचा हारिमा प्रांत, आजच्या कोबे शहराच्या शेजारी. ओदा नोबुनागाचा सेनापती हिदेयोशी याने बेश्शो नागाहारूच्या मिकी किल्ल्याला वेढा घातला. त्याने तटावर थेट हल्ला करण्याऐवजी किल्ल्याची रसद तोडली. सुमारे दोन वर्षे वेढा चालला. आतले लोक उपासमारीने मरू लागले. अखेर १५८० मध्ये, उरलेल्यांचे प्राण वाचावेत या अटीवर, तरुण नागाहारूने आत्मघात केला आणि किल्ला पडला.

५/
युद्धाने गाव उद्ध्वस्त झाले होते. पळालेले लोक परतावेत म्हणून हिदेयोशीने मिकीला करमाफी दिली. घरे नव्याने उभारायची होती, म्हणून सुतार जमले. सुतारांना हत्यारे हवी होती, म्हणून लोहार जमले. करवती, रंधे, पटाशी, हातोडे यांचा धंदा गावात रुजला. पुढे मिकीचे सुतार कामासाठी बाहेरगावी जात तेव्हा ही हत्यारेही सोबत जात, आणि गावाचे नाव दूरवर पोहोचले. म्हणजे मिकीची ख्याती मुख्यतः तलवारींची नव्हती. ती सुतारकामाच्या हत्यारांची होती.

६/
याच हिदेयोशीने पुढे, १५८८ मध्ये, साऱ्या जपानसाठी एक प्रसिद्ध आज्ञा काढली : शेतकऱ्यांनी तलवारी, भाले, बंदुका सरकारजमा कराव्यात. जमा झालेले लोखंड क्योतो येथील महाबुद्धाच्या मंदिरासाठी खिळे आणि पट्ट्या करण्यास वापरले जाईल, असे कारण आज्ञेत दिले होते. पुण्याचे पुण्य मिळेल आणि शस्त्रेही जातील, अशी ही योजना. खरा हेतू शेतकऱ्यांचे उठाव रोखण्याचा होता. शेतकरी आणि लढवय्या यांच्यात रेषा आखली गेली. पुढच्या काळात कमरेला दोन तलवारी हीच सामुराई वर्गाची ओळख ठरली.

७/
ही ओळख पुसली गेली २८ मार्च १८७६ रोजी. मेइजी सरकारच्या ‘हाइतोरेई’ या आदेशाने सैन्य, पोलीस आणि दरबारी पोशाखाचे प्रसंग वगळता तलवार लावून फिरण्यास मनाई झाली. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे : तलवार घरी ठेवण्यास बंदी नव्हती, ती कमरेला लावून हिंडण्यास होती. सरकारला पाते नकोसे नव्हते. पात्याने मिरवला जाणारा जन्मसिद्ध अधिकार नकोसा होता. तलवारीचे गिऱ्हाईक घटले आणि अनेक तलवारकार खरोखरच अडचणीत आले. लोकप्रिय कथेतील एवढा भाग खरा आहे.

८/
त्या सुमारास आपल्याकडे काय चालले होते? दोनच वर्षांनी, १८७८ मध्ये, व्हाइसरॉय लिटनच्या काळात हिंदुस्थानात शस्त्र कायदा आला. शस्त्र बाळगण्यास परवाना आवश्यक झाला. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. दोन आज्ञांमधील फरक पाहा. जपानमध्ये एका वर्गाचा जुना विशेषाधिकार संपत होता, तर येथे राज्यकर्त्या वंशाचा नवा विशेषाधिकार निर्माण होत होता. म्हणूनच या कायद्याविरुद्धची मागणी राष्ट्रीय सभेच्या ठरावांत पुढे अनेक वर्षे येत राहिली. पाते कुणी बाळगावे, हा प्रश्न दोन्हीकडे प्रतिष्ठेचा होता.

९/
आता पुन्हा मिकी. परंपरेने सांगितली जाणारी हकीकत अशी : १८९४ च्या सुमारास शिगेमात्सू तासाबुरो या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याने दक्षिणेकडील कागोशिमाहून एक चाकू आणला आणि मिकीचा लोहार मुराकामी तेइजी याला दाखवला. मुराकामीने तो सुधारला आणि त्यातून आजचा आकार घडला. म्हणजे तलवारबंदी आणि हा चाकू यांत सुमारे अठरा वर्षांचे अंतर आहे, घडवणारे गाव सुतारी हत्यारांचे आहे आणि नमुना दुसऱ्याच बेटावरून आलेला आहे.

१०/
याहून बोलका पुरावा कारागिरांच्या संघाच्या नावात आहे. त्या नावात ‘योतो’ हा शब्द होता. त्याचा अर्थ पाश्चात्त्य पाते. खिशात मिटून ठेवायचा चाकू ही त्या काळच्या जपानला परदेशी वाटणारी वस्तू होती. आज आपण ज्याला अस्सल सामुराई वारसा समजतो, त्याला त्याचे निर्माते विलायती धर्तीची वस्तू म्हणत होते. परंपरा बहुतेक वेळा मागाहून जन्म घेते, याचे हे छोटेसे उदाहरण.

११/
मग नाव इतके भारदस्त कसे? ‘हिगो नो कामी’ म्हणजे हिगो प्रांताचा अधिपती. हिगो म्हणजे आजचा कुमामोतो. सरंजामी काळात अशा पदव्या मानाच्या असत; त्या प्रांताशी संबंध असलाच पाहिजे असे नसे. शिन्सेनगुमीचा आश्रयदाता मात्सुदाइरा कातामोरी हा ईशान्येकडील आइझूचा सरदार, पण त्याचीही पदवी हीच होती. तलवारकारांनाही अशा पदव्या मिळत आणि त्या तलवारीच्या मुठीत दडलेल्या भागावर कोरल्या जात. चाकूचे गिऱ्हाईक मुख्यतः दक्षिणेकडील क्यूशू बेटावर होते, म्हणून तिकडचे नाव निवडले गेले असे सांगतात. पदव्यांचे युग संपल्यावर एक पदवी चाकूच्या मुठीवर येऊन बसली!

१२/
हा चाकू विकत कोण घेत होते? येथे शाळेचा इतिहास हाताशी घ्यावा लागतो. १८७२ मध्ये जपानने सार्वत्रिक शिक्षणाचा आदेश काढला. १८८७ मध्ये मासाकी निरोकूने तोक्योत पेन्सिलींचा कारखाना सुरू केला. विसाव्या शतकाच्या आरंभी प्राथमिक शाळेत जाणाऱ्या मुलांचे अधिकृत प्रमाण नव्वद टक्क्यांवर गेले होते. हळूहळू कुंचल्याच्या आणि पाटीच्या जोडीला पेन्सिल आली. पेन्सिल म्हटली की टोक काढणे आले, आणि टोक काढण्यासाठी हवा स्वस्त, मजबूत, खिशात मावणारा चाकू.

१३/
अशा रीतीने सामान्य घरातील मुलाच्या खिशात पाते आले. ज्या शेतकऱ्याच्या पूर्वजाची तलवार १५८८ मध्ये सरकारजमा झाली होती, त्याचा पणतू-खापरपणतू आता ‘हिगोचा अधिपती’ असे कोरलेले पाते घेऊन शाळेत जात होता. तो पेन्सिल तासत होता, बांबूची भिरभिरी करत होता, फळे सोलत होता. बोट कापले तर दुसऱ्या वेळी जपून कापत होता. धार गेली तर दगडावर लावायला शिकत होता. खटका नसलेल्या चाकूने त्याच्यावर टाकलेली जबाबदारी तो अंगठ्याने पेलत होता.

१४/
१२ ऑक्टोबर १९६० रोजी तोक्योच्या हिबिया सभागृहात समाजवादी पक्षाचे अध्यक्ष आसानुमा इनेजिरो भाषण करत होते. यामागुची ओतोया नावाचा सतरा वर्षांचा अतिउजवा तरुण मंचावर धावत गेला आणि त्याने कॅमेऱ्यांसमक्ष त्यांची हत्या केली. त्या क्षणाच्या छायाचित्राला पुढे पुलित्झर पारितोषिक मिळाले. हत्यार होते आखूड तलवार. घडीच्या चाकूचा या घटनेशी काहीही संबंध नव्हता. परंतु मारेकरी किशोरवयीन होता, आणि ही एकच गोष्ट देशाच्या मनात रुतली.

१५/
‘मुलांच्या हाती पाते देऊ नका’ अशी मोहीम देशभर सुरू झाली. शाळांनी, पालकांनी चाकू काढून घेतले. शस्त्रांचा मोठा कायदा १९५८ मध्ये आधीच झाला होता. त्याच्या नियमांनुसार सहा सेंटिमीटरहून लांब पाते योग्य कारणाशिवाय जवळ बाळगणे गुन्हा ठरते आणि काही घडीच्या चाकूंना थोडी सवलत मिळते. पण हिगोनोकामीचे नाव घेऊन त्यावर बंदी कधीच आली नाही. १५८८ आणि १८७६ मध्ये आज्ञा सरकारची होती. या वेळी मुलाच्या हातातील पाते समाजाने स्वतःहून काढून घेतले.

१६/
तरीही सारा दोष भीतीवर टाकणे अन्यायाचे होईल. १९५६ मध्ये ओसाकाच्या ओकादा योशिओने पात्याचे बोथट टोक मोडून नवी धार मिळणारा कटर तयार केला होता. तोच पुढे ओल्फा या नावाने जगभर गेला. दांडा फिरवून टोक काढणारी यंत्रे घराघरांत, वर्गावर्गांत आली. पेन्सिलीला चाकूची गरजच उरली नाही. माझ्या मते दोन्ही कारणे एकमेकांना धरून होती : भीतीने चाकू काढून घ्यायचे ठरवले आणि यंत्राने ते सोयीचे केले. पर्याय हाताशी नसता, तर भीती इतकी सहज जिंकली नसती.

१७/
परिणाम मिकीत दिसला. एके काळी तेथे हा चाकू घडवणारे अनेक कारागीर होते. ‘हिगोनोकामी’ हे नोंदवलेले व्यापारचिन्ह आहे आणि ते केवळ संघाच्या सदस्यांनाच वापरता येते. कारखाने एकामागून एक बंद पडत गेले. आज अधिकृतपणे हे नाव वापरणारा एकच कारखाना उरला आहे, नागाओ कानेकोमा. मऊ लोखंडाच्या दोन थरांमध्ये कठीण पोलाद बसवलेली पाती तेथे अजूनही घडतात. त्यांचा मोठा चाहतावर्ग आता परदेशात आहे. शाळकरी मुलांचा स्वस्त चाकू शौकिनांच्या संग्रहात जाऊन बसला.

१८/
मात्र एक अपवाद सांगितलाच पाहिजे. नागानो प्रांतातील इकेदा गावची आइसोमे प्राथमिक शाळा. १९८० च्या दशकापासून या शाळेत मुलांना हिगोनोकामी दिला जातो आणि त्याने पेन्सिलीला टोक काढायला शिकवले जाते. ज्या देशात मुलांच्या हातून पाते काढून घेण्यात आले, तेथेच एक शाळा ते मुलांच्या हाती ठेवते आणि वापरायचे कसे हे दाखवते. तिला वाटणारी काळजी इतर शाळांहून कमी नसेल. तिने काढलेला निष्कर्ष वेगळा आहे.

१९/
तेव्हा सामुराईंची कथा सोडून दिली तरी बिघडत नाही. हिगोनोकामीचा खरा इतिहास वेढ्यातून सावरणाऱ्या गावाचा, सुतारांच्या हत्यारांचा, शाळेच्या पेन्सिलीचा आणि विश्वासाचा आहे. शेतकरी, सामुराई आणि शाळकरी मूल या तिघांच्याही हातून पाते गेले. पहिल्या दोघांची नोंद राजाज्ञांत सापडते. तिसऱ्याची नोंद कोणत्याही फर्मानात नाही. ती बंद पडलेल्या कारखान्यांत शोधावी लागते. इतिहासातील कित्येक बदल असेच आज्ञेविना घडतात, म्हणून ते सहज नजरेआड होतात.

२०/
जाता जाता एक विनंती. आपल्या घरी आजोबा-पणजोबांचा एखादा घडीचा चाकू असेल, तर तो शोधून काढा. पात्याच्या मुळाशी उमटवलेला शिक्का वाचा. गावाचे किंवा कारखान्याचे नाव मिळेल. तो कुणी, कुठून आणि कशासाठी घेतला हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि लिहून ठेवा. ते सांगणारी माणसे आहेत तोवरच हे शक्य आहे. शिक्का वाचता आला तर येथे अवश्य कळवा.

धागा समाप्त.