मर्सेन संख्या एम६७

एम६७ अर्थात २^६७ − १ ही एकवीस अंकी विषम पूर्णांक संख्या आहे. दशमान पद्धतीत ती १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ अशी लिहितात. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील अठरा स्थानांपैकी शेवटचे स्थान परार्ध (१०^१७) हे होय. त्या मापाने ही संख्या सुमारे १,४७५ परार्ध भरते. ही संख्या दीर्घकाळ मूळ संख्या मानली गेली होती. प्रत्यक्षात ती संयुक्त आहे.

इतिहास

फ्रेंच धर्मोपदेशक व गणिती मारँ मर्सेन यांनी १६४४ साली २^न − १ या रूपातील मूळ संख्यांची यादी दिली. न = २५७ पर्यंतच्या या यादीत ६७ या घातांकाचा समावेश होता. १८७६ साली एद्वार लुका यांनी एम६७ मूळ नसल्याचे दाखविले. मात्र त्यांच्या पद्धतीतून अवयव मिळत नव्हते. संख्या फुटते हे सिद्ध झाले, ती कशी फुटते हे अज्ञातच राहिले.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या न्यूयॉर्क येथील सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी पुढील अवयव मांडले :

२^६७ − १ = १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७

एरिक टेंपल बेल यांच्या कथनानुसार, कोल यांनी एक शब्दही न उच्चारता फळ्यावर प्रथम २ चा ६७ वा घात काढून त्यातून १ वजा केला; मग शेजारी वरील गुणाकार केला. दोन्ही उत्तरे जुळली आणि श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. या कामास 'तीन वर्षांतील रविवार' लागले, असे कोल यांनी सांगितल्याचेही बेल नमूद करतात. ही हकिकत बेल यांनी बऱ्याच काळानंतर लिहिलेली आहे.

मर्सेन यांच्या यादीत एकूण पाच चुका आढळल्या : ६७ व २५७ हे घातांक चुकीने आले होते, तर ६१, ८९ व १०७ सुटले होते. ६७ हा ६१ चा मुद्रणदोष असावा, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे.

गुणधर्म

* द्विमान पद्धतीत ही संख्या सलग ६७ एककांनी लिहिली जाते.
* कोल यांनी दिलेले दोन्ही अवयव मूळ आहेत. म्हणून या संख्येला १ व ती स्वतः धरून चारच विभाजक आहेत.
* तिच्या प्रत्येक मूळ अवयवाला १३४ ने भागल्यास बाकी १ उरते. तसेच ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ उरते. पहिला अवयव १३४ × १४,४५,५८० + १ असा आहे. या नियमामुळे तपासावयाचे विभाजक पुष्कळ कमी होतात. तरीही लहान अवयवापर्यंत पोहोचण्यापूर्वी सात लाखांहून अधिक उमेदवार उरतात.
* ८ ने भागल्यास बाकी ७ उरत असल्याने ही संख्या तीन वर्गांची बेरीज म्हणून मांडता येत नाही. किमान चार वर्ग लागतात.
* एम६७ मधून १ वजा केल्यास येणाऱ्या संख्येला ६७ ने निःशेष भाग जातो. त्यामुळे २ चा तितका घात एम६७ ने भागल्यास बाकी १ उरते. फर्मा यांच्या छोट्या प्रमेयाची ही कसोटी संयुक्त असूनही उत्तीर्ण होत असल्याने एम६७ ही २ या पायासाठी छद्ममूळ संख्या ठरते.
* ती मूळ असती, तर २^६६ × (२^६७ − १) ही परिपूर्ण संख्या ठरली असती.

महत्त्व

दिलेल्या दोन अवयवांचा गुणाकार कागद-पेन्सिलीने थोड्या वेळात पडताळता येतो. तेच अवयव शोधण्यास मात्र वर्षे लागली. गुणण्याची सुलभता आणि अवयव पाडण्याची कठीणता यांतील ही तफावत आरएसए या सांकेतिक लेखनपद्धतीचा आधार आहे. तेथे शेकडो अंकी संख्या वापरतात. एम६७ चे अवयव आजचा संगणक क्षणार्धात काढतो.