आडव्या वाऱ्याने घडवलेली रिम

पन्नास-साठ मिलिमीटर खोलीची कार्बनची रिम करवतीने कापली, तर हातात येणाऱ्या तुकड्याचा आकार पाहून नवल वाटते. वर टायर बसायची खाच, दोन्ही बाजूंना फुगीर गाल आणि खाली, जिथे आरे अडकवलेले असतात तिथे, अंड्याच्या रुंद टोकासारखी बोथट गोलाई. तीस वर्षांपूर्वीच्या खोल रिमचा असाच तुकडा शेजारी ठेवला, तर तो इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो, खाली चांगली धार असलेला. कॅम्पाग्नोलोची नव्वदच्या दशकात गाजलेली शमाल ही अ‍ॅल्युमिनियमची रिम अशीच होती. वारा कापायचा म्हटले की धार हवी, हे कुणालाही पटेल. मग पुढच्या पिढीने हातची धार का घालवली? या चाकाची कुळकथा एरवी वेगाची कथा म्हणून सांगितली जाते. समोरचा वारा, त्याच्यावर मात, वाचलेले सेकंद. माझे म्हणणे वेगळे आहे. या रिमला आजचा आकार समोरच्या वाऱ्याने दिलेला नाही. तो आडव्या वाऱ्याने दिला, आणि तोही दोनदा: आधी मदतनीस म्हणून, मग वैरी म्हणून.

खोल रिमचा पूर्वज म्हणजे भरीव चाक, सायकलवाल्यांच्या भाषेत डिस्क. जानेवारी 1984 मध्ये मेक्सिको सिटीत फ्रान्चेस्को मोझेरने एका तासात 51.151 किलोमीटर अंतर तोडले, तेव्हा त्याच्या सायकलीला असली चाके होती आणि एडी मर्क्सचा 1972 चा 49.431 किलोमीटरचा आकडा त्याने मागे टाकला. चाकाने हवेशी लढण्याचे कारण उघड आहे. चालत्या सायकलीच्या चाकाचा वरचा काठ सायकलीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो, आणि उघडे आरे तिथली हवा घुसळत राहतात. ते झाकले की घुसळण थांबते. पण झाकलेले चाक हे शीडही असते. मागच्या चाकाला असे शीड चालते, पुढच्याला उघड्या रस्त्यावर ते जड जाते, कारण पुढचे चाक सुकाणूला जोडलेले आहे. हवाई बेटांवरच्या कोना इथल्या आयर्नमॅन जागतिक स्पर्धेत तर लाव्हाच्या पठारावरून येणाऱ्या झोतांमुळे मागचे भरीव चाकही वापरू देत नाहीत. म्हणून भरीव चाकाचे पोट कापून टाकायचे आणि जिथे वेग सर्वांत जास्त तो बाहेरचा पट्टा तेवढा ठेवायचा, ही तडजोड झाली. खोल रिम म्हणजे तोच पट्टा.

पट्ट्याला आकार कोणता द्यायचा, हा खरा प्रश्न अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या स्टीव्ह हेडने सोडवला. मूळचा तो सायकलच्या दुकानातला माणूस. रॉबर्ट हॉगसोबत त्याने फुगीर गालांच्या रिमची रचना केली आणि 1991 मध्ये तिचे पेटंट मिळाले. रिम टायरपेक्षाही थोडी रुंद ठेवायची, ही त्यातली कळ. तिचे महत्त्व साध्या गणिताने कळते. ताशी 40 किलोमीटरने जाणाऱ्या स्वारावर ताशी 10 किलोमीटरचा वारा बाजूने आला, तर चाकाला भेटणारी हवा सुमारे 14 अंश तिरकी होते. वारा 20 झाला की तिरकेपणा 27 अंशांच्या आसपास जातो. रस्त्यावर हवा अगदी नाकासमोरून येते असे क्षण थोडेच. तिरकी हवा टायरवर आदळून वाऱ्याच्या आडच्या बाजूला सुटू पाहते. तिथे रिमचा फुगवटा असेल तर ती पुन्हा पृष्ठभागाला चिकटते, आणि रिम विमानाच्या पंखासारखी वागू लागते. त्या पंखाच्या बलाचा थोडा भाग पुढच्या दिशेने मिळतो. म्हणजे ठरावीक तिरकेपणापर्यंत आडवा वारा विरोध वाढवत नाही, कमीच करतो. होडी वाऱ्याला तिरकी राहून पुढे सरकते, तशातलेच हे. आडव्या वाऱ्याचे हे पहिले देणे.

दुसरे देणे दुखण्यातून आले. पंखावर बल येते ते बाजूलाही येते, आणि पुढच्या चाकावर ते नेमके कुठे येते यावर सगळे अवलंबून असते. हँडल ज्या अक्षाभोवती फिरते, त्याच्या मानाने फोर्क चाकाला थोडे पुढे धरतो. त्यामुळे आधीच चाकाचा जास्त भाग अक्षाच्या पुढे. त्यात व्ही आकाराच्या रिमची खोड अशी की चाकाच्या पुढच्या अर्ध्यात हवेला आधी गोल टायर भेटतो, पण मागच्या अर्ध्यात आधी भेटते ती रिमची आतली धार. तिरक्या हवेत धारेवरून प्रवाह सुटतो आणि मागच्या अर्ध्यातला पंख लुळा पडतो. बल एकट्या पुढच्या अर्ध्यावर उरते. कुंपणाच्या आडून सायकल मोकळ्यावर आली, किंवा ट्रकची सावली संपली, की हँडल वाऱ्याच्या पाठीकडे हिसका घेते ते यामुळे. 2010 च्या सुमारास अमेरिकेतल्याच झिप कंपनीने फायरक्रेस्ट नावाच्या रिमा आणल्या, त्यांत ही धार बोथट केलेली होती. आतली कड गोल झाली, तिथेही प्रवाह चिकटू लागला, मागचा अर्धा भाग कामाला लागला आणि बलाचा मध्य हँडलच्या अक्षाजवळ सरकला. वारा ढकलतोच, पण वळवत कमी. मला या सगळ्या वंशावळीत हा टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण इथे पहिल्यांदा स्वाराच्या मनगटांना काय जाणवते ते मोजमापात धरले गेले.

यावर एक रास्त आक्षेप आहे. बाजूने वारा झेलण्यात चाकाचा वाटा तो किती? अंग आणि फ्रेम यांचे क्षेत्रफळ कितीतरी जास्त. 2015 च्या गेंट-वेवेल्गेम शर्यतीत वाऱ्याने गेरेंट थॉमससारख्या कसलेल्या स्वाराला रस्त्याबाहेर भिरकावले, तिथे रिमच्या गोलाईचे काय कौतुक? बरोबर आहे. तसल्या वादळात कुठलीही रिम वाचवत नाही. पण अंगावरचा वारा अख्खी सायकल कलंडवतो, आणि कलण्याला स्वार सवयीने तोंड देतो. पुढच्या चाकावरचा वारा हँडलच फिरवतो, म्हणजे तोंड द्यायचे हत्यारच हातातून हिसकतो. कंपन्यांनीही हे ओळखले आहे, याचा पुरावा त्यांच्या मालात दिसतो. एन्व्हने 2011 मध्ये पूर्वी फॉर्म्युला वनमध्ये काम केलेल्या सायमन स्मार्टकडून पुढची आणि मागची रिम वेगवेगळी घडवून घेतली. 2020 च्या रोव्हल रॅपिडमध्ये पुढची रिम 51 मिलिमीटर खोल पण 35 रुंद, मागची 60 खोल आणि 30 रुंद. समोरचा वाराच सर्वस्व असता, तर पुढच्या चाकाला जाडजूड करण्याचे काही कारण नव्हते.

रुंदी टायरमुळे आली, वाऱ्यामुळे नव्हे, असेही म्हणतात. त्यात तथ्य आहे. टायर 23 मिलिमीटरवरून 28 वर गेले तशी रिम पसरलीच. शिवाय डिस्क ब्रेक आल्यावर ब्रेकच्या रबरासाठी सपाट समांतर पट्टी ठेवायची सक्ती गेली आणि साच्यात कार्बनला हवी ती वळणे देता आली. पण टायरने रुंदी मागितली ती वरच्या काठाशी. आतल्या कडेची बोथट गोलाई टायरने मागितलेली नाही. तिथे टायर पोहोचतच नाही.

म्हणूनच जागतिक सायकल संघटनेने 2025 मध्ये घातलेली मर्यादा मला अपुरी वाटते. रस्त्यावरच्या सामूहिक शर्यतींत 2026 पासून रिमची खोली 65 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, असा हा नियम आहे. खोली वाढली की बाजूचे बल वाढते, यात वाद नाही, आणि शर्यतीच्या सकाळी पट्टी लावून तपासायला खोलीइतके सोपे दुसरे काही नाही. तरी आतून धारदार असलेली 60 मिलिमीटरची रिम या पट्टीखालून निघून जाते, आणि गोल कडेची, हँडल शांत ठेवणारी 68 ची अडते. बाजूने हवा सोडून हँडलवर येणारा पीळ वाऱ्याच्या बोगद्यात मोजता येतो. चाकाची मोडतोड-चाचणी सामूहिक शर्यतींसाठी सक्तीची झाली होती, तशी ही चाचणीही प्रत्येक नव्या रिमला एकदा घेणे अशक्य नाही.