कायद्यांतील सैल शब्द

राज्यकर्ते आणि बोलणारा नागरिक यांमधील कलह महाराष्ट्राला नवा नाहीं. छापखाना आला तेव्हां तो वृत्तपत्रांवरून झाला, नाटकें रंगलीं तेव्हां रंगभूमीवरून झाला, आणि आज तो हातांतील फोनवरून चालला आहे. साधनें बदललीं, परंतु एक गोष्ट टिकून राहिली. ती म्हणजे कायद्यांतील शब्दांचा सैलपणा. माझें सारें आयुष्य मुलांना शब्दांचे अर्थ सांगण्यांत गेलें असल्यामुळें, या इतिहासाकडे मी त्याच बाजूनें पाहणार आहें.

१८७० सालीं इंडियन पीनल कोडांत राजद्रोहाचें १२४ अ हें कलम घालण्यांत आलें. सरकारविषयीं ‘अप्रीति’ उत्पन्न करणें हा त्यांतील गुन्हा. १८९७ मध्यें पुण्यांत प्लेगचा कहर होता आणि घरोघर झडत्या घेणाऱ्या सोजिरांमुळें लोक संतापले होते. १५ जूनच्या ‘केसरी’त शिवाजी-उत्सवाच्या निमित्तानें कांहीं मजकूर प्रसिद्ध झाला, २२ जूनच्या रात्रीं प्लेग-अधिकारी रँड यांजवर गोळी झाडली गेली, आणि जुलैंत टिळकांस अटक झाली. खुनांत भाग घेतल्याचा आरोप त्यांजवर नव्हता; आरोप होता तो अप्रीतीचा. न्यायमूर्ति स्ट्रॅची यांनीं मुंबई हायकोर्टांत ज्यूरीस समजावून सांगितलें कीं, अप्रीति म्हणजे प्रीतीचा अभाव! ज्यूरींतील सहा युरोपियनांनीं टिळकांस दोषी ठरविलें, तिघां हिंदी गृहस्थांनीं निर्दोषी म्हटलें; शिक्षा झाली अठरा महिन्यांची सक्तमजुरी. पुढच्याच वर्षीं, १८९८ मध्यें, सरकारनें तें कलम अधिकच रुंद केलें.

स्वातंत्र्यानंतर हें कलम गेलें नाहीं, पण त्यास लगाम बसला. १९६२ सालीं केदारनाथ सिंग खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, सरकारवरील टीका कितीहि कडक असली तरी, हिंसेस अथवा सार्वजनिक अशांततेस चिथावणी असल्याखेरीज तो राजद्रोह नव्हे.

तरीहि जुनी खोड नव्या साधनाबरोबर परत आली. इंटरनेटसाठीं केलेल्या कायद्यांत ६६ अ हें कलम २००९ च्या ऑक्टोबरांत अमलांत आलें. ‘घोर आक्षेपार्ह’ मजकूर पाठविणें, खोटी माहिती धाडून दुसऱ्यास ‘चीड’ वा ‘गैरसोय’ उत्पन्न करणें, यांस तीन वर्षांपर्यंत कैद! कोणास कशाची चीड येईल याचा नेम काय? १७ नोव्हेंबर २०१२ रोजीं बाळासाहेब ठाकरे निवर्तले व मुंबई बंद राहिली. हा बंद आदरापोटीं नसून भीतीपोटीं आहे, अशा आशयाच्या चार ओळी पालघरच्या एका तरुणीनें फेसबुकवर लिहिल्या. तिच्या मैत्रिणीनें त्यांस नुसती पसंती दर्शविली. दोघींनाहि अटक झाली. देशभर गदारोळ उठला, पोलिस अधिकारी निलंबित झाले आणि पुढें प्रकरण बंद झालें. याच घटनेनें व्यथित होऊन श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयांत गेली. २४ मार्च २०१५ रोजीं न्यायमूर्ति चेलमेश्वर व न्यायमूर्ति नरिमन यांनीं ६६ अ हें कलम घटनाबाह्य ठरविलें. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन निरनिराळ्या पायऱ्या असून तिसरीपाशींच कायद्यानें हात घालावा, असा त्या निकालाचा गाभा आहे. तथापि सैल शब्द सहजासहजीं मरत नाहींत. रद्द झालेल्या या कलमाखालीं पोलिस गुन्हे नोंदवीतच असल्याचें २०२१ मध्यें उघडकीस आलें, तेव्हां न्यायालयालाहि धक्का बसला.

एप्रिल २०२३ मध्यें केंद्र सरकारनें आणखी एक नियम केला. केंद्राच्या कारभाराविषयीं इंटरनेटवर आलेली कोणती माहिती ‘खोटी, बनावट अथवा दिशाभूल करणारी’ आहे, हें सरकारनेंच नेमलेल्या कक्षानें ठरवावें! विनोदकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड वगैरेंनीं मुंबई उच्च न्यायालयांत दाद मागितली. दोघां न्यायमूर्तींचें मत भिन्न पडलें. तिसरे न्यायमूर्ति चांदूरकर यांनीं २० सप्टेंबर २०२४ रोजीं नियमाविरुद्ध कौल दिला. येथेंहि शब्दांची संदिग्धता हें एक प्रमुख कारण होतें. ज्या हायकोर्टांत अप्रीतीचा तसा अर्थ लागला, तेथेंच सव्वाशें वर्षांनीं हें घडावें, ही गोष्ट अभिमानास्पद आहे.

आतां दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. आमच्या खांडबाऱ्याहून फारसें दूर नसलेलें धुळे जिल्ह्यांतील राईनपाडा हें गांव. १ जुलै २०१८ रोजीं तेथें, मुलें पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षेकरी भटक्या समाजांतील पांच निरपराध माणसांना जमावानें ठेचून मारलें. ती अफवा फोनांवरूनच पसरली होती. तेव्हां सरकारनें स्वस्थ बसावें असें कोणीहि शहाणा म्हणणार नाहीं. पण अफवा पेरणाऱ्यास पकडणें निराळें, आणि साऱ्या मुलखाचें तोंड बांधणें निराळें. २०२३ च्या ऑक्टोबर-अखेरीस मराठा आरक्षणाच्या आंदोलनांत जाळपोळ झाली, तेव्हां बीडमध्यें इंटरनेट बंद करण्यांत आलें. अशा बंदींत आंदोलकाचा आवाज तर थांबतोच. पण अंगठा उमटवून रेशन घेणारी म्हातारी, बँकेंतून मजुरी काढणारा मजूर, हेहि रिकाम्या हातानें परततात. त्यांनीं तर कांहींच लिहिलेलें नसतें! म्हणूनच १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालांत असे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत व ते बेमुदत असूं नयेत, असा दंडक घालून दिला आहे.

श्रोतेहो, १२४ अ हें कलम १ जुलै २०२४ पासून जुन्या पीनल कोडाबरोबर गेलें. त्याच्या जागीं भारतीय न्यायसंहितेंत १५२ वें कलम आलें आहे. सार्वभौमत्व, एकता, अखंडता हे त्यांतील शब्द थोर आहेत खरे. पण शब्द जितका थोर, तितकी त्याची व्याख्या काटेकोर हवी. नवा कायदा येईल तेव्हां तो कोणाविरुद्ध आहे हें विचारण्यापूर्वीं, त्यांतील शब्दांचा नेमका अर्थ काय, आणि तो ठरविणार कोण, हे दोन प्रश्न आपण विचारावे. ते प्रश्न वेळींच विचारले गेले नाहींत, तर त्यांचीं उत्तरें पुढें आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें राहून शोधावीं लागतात.