शब्दवेध : स्त्रीधन

‘स्त्रीधन’ हा षष्ठी तत्पुरुष समास आहे. विग्रह ‘स्त्रीचे धन’. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात त्याचे सहा प्रकार येतात. लग्नाच्या होमापुढे मिळालेले ‘अध्यग्नि’, सासरी निघताना मिळालेले ‘अध्यावाहनिक’, प्रेमाने दिलेले ‘प्रीतिदत्त’, शिवाय आई, वडील आणि भावाने दिलेले. विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरा’ या टीकाग्रंथाने वारसा आणि खरेदीतून आलेली मालमत्ताही त्यात धरली.

व्यवहारात मात्र पाटल्या, तोडे आणि मोहनमाळ लग्नानंतर सासूबाईंच्या कपाटात जातात. पुढे हे दागिने गहाण पडले, तरी सुनेला कुणी विचारत नाही. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ने स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, स्त्रीधन सासरी सांभाळायला दिले म्हणून ते सासरचे होत नाही. ते बळकावणे हा फौजदारी विश्वासघात ठरू शकतो.

हुंडा मागणे गुन्हा आहे आणि स्त्रीधन हा हक्क आहे. या दोहोंची गल्लत पितृसत्तेच्या सोयीची आहे. म्हणून लेकीच्या लग्नात दागिन्यांची यादी करा, पावत्या तिच्या नावाने घ्या आणि कपाटाची किल्ली तिच्याच हाती द्या.