पोहणाऱ्याचा हात

विहिरींत प्रथमच उतरलेल्या मुलाकडे पाहावें. कमरेला सुकलेला भोपळा बांधलेला असल्यामुळें बुडण्याचें भय वस्तुतः नसतें; तरीहि त्याचीं बोटें घट्ट आवळलेलीं, मनगट ताठ आणि कोपरापासून पुढचा हात काष्ठवत् झालेला असतो. पाणी ही जणु धरून ठेवण्याची वस्तु आहे अशा निश्चयानें तो त्याला कवटाळूं पाहतो, आणि दहाबारा हात मारतांच कळ लागून काठाकडे वळतो. पायांत जोर असतो, दमहि पुष्कळ शिल्लक असतो. थकतो तो हात. त्या बिचाऱ्याला हंसूं नये. पोहतांना हाताला विसावा कसा द्यावा, या प्रश्नाचा उलगडा होण्यास युरोपखंडाला पाऊण शतक लागलें. आणि उत्तर एकदां आपण होऊन दाराशीं आलें असतां त्याला परत लावून देण्यांत आलें होतें.

ती हकीकत १८४४ सालची. उत्तर अमेरिकेंतील ओजिब्वे जमातीचे कांहीं लोक त्या वेळीं लंडनांत आले होते. त्यांपैकीं दोघांची, एकाच्या नांवाचा अर्थ ‘उडता कुरव’ व दुसऱ्याच्या नांवाचा ‘तंबाखू’, हाय होबर्न येथील स्नानगृहांत शर्यत लावण्यांत आली. उडत्या कुरवानें १३० फुटांचें अंतर ३० सेकंदांत काटल्याचें नमूद आहे. त्यांचे हात आळीपाळीनें पाण्याबाहेर येऊन पुढें पडत. वृत्तपत्रांनीं या प्रकाराला पवनचक्कीच्या पंखांची उपमा दिली व त्याच्या आडदांडपणाबद्दल नाक मुरडलें. पुढें एका इंग्रज पोहणाऱ्यानें त्यांना आपल्या पद्धतीनें मागें टाकल्यावर तर प्रश्नच मिटला. असें पोहणें सभ्य गृहस्थाला शोभत नाहीं, असा निर्णय झाला. सभ्यतेच्या कल्पना पाण्यांतहि भिजत नाहींत!

सभ्य मानलेली पद्धत म्हणजे छातीवर, बेडकाप्रमाणें पोहण्याची. तींत दोन्ही हात सदैव पाण्यांतच राहतात. पाणी मागें लोटतांना श्रम होतातच, पण पुढील फेरीसाठीं हात पुन्हां समोर नेतांना त्याच पाण्याशीं दुसऱ्यांदा झगडावें लागतें. याच पद्धतीनें कॅप्टन मॅथ्यू वेब हा १८७५ च्या ऑगस्टच्या २४ तारखेस डोव्हरहून निघाला आणि दुसऱ्या दिवशीं कॅले येथें पोंचला. सरळ रेषेनें अंतर सुमारें २१ मैल; पण भरतीओहोटीच्या ओढीमुळें तो त्याहून कितीतरी अधिक पोहला. वेळ लागला २१ तास ४५ मिनिटें. फ्रान्सचा किनारा दृष्टीस पडत असतांना प्रवाहानें त्याला कित्येक तास अडवून धरलें होतें. त्या दोन हातांनीं काय सोसलें असेल, याची कल्पनाच करावी. या पराक्रमापुढें पद्धतीचा दोष झांकून गेला, हेंहि तितकेंच खरें.

तत्पूर्वीं दोनच वर्षें, १८७३ मध्यें, जॉन ट्रजन यानें लंडनमध्यें दोन्ही हात आळीपाळीनें पाण्यावरून फेकण्याची रीत पुन्हां दाखविली. दक्षिण अमेरिकेंतील मूळ रहिवाशांकडून ती त्यानें उचलली होती. हात हवेंतून पुढें येऊं लागला. तेवढ्या क्षणापुरता त्याला पाण्याचा विरोध उरला नाहीं. पाय मात्र जुन्याच चालीचे, म्हणून देह हिसके खात चाले. ही उणीव पॅसिफिक महासागरांतील बेटवाल्यांनीं भरून काढली. सॉलोमन बेटांतून सिडनीस आलेला अ‍ॅलिक विकहॅम हा मुलगा १९०० च्या आसपास पाय सरळ ठेवून वरखालीं हालवीत पोहत असे. ऑस्ट्रेलियांतील कॅव्हिल बंधूंनीं ती तऱ्हा शर्यतींत आणली आणि तिला ‘क्रॉल’ हें नांव मिळालें. पायांनीं शरीर आडवें तोलून धरल्यावर तें उचलून धरण्याचें हातांवर लादलेलें काम सुटलें.

यापुढची पायरी अमेरिकेंतील. शिकागोचे शिक्षक विल्यम बॅकरॅक यांनीं तरुण जॉनी वाइसम्यूलर याला कित्येक महिने शर्यतीपासून दूर ठेवून आधीं अंगाची ढब बसविली. १९२२ मध्यें त्यानें १०० मीटर ५८.६ सेकंदांत पोहून मिनिटाची मर्यादा प्रथमच ओलांडली. तरीहि क्रॉल ही थोड्या पल्ल्याची चैन, लांबच्या अंतराला हात टिकणार नाहींत, असें मानणारे होतेच. ६ ऑगस्ट १९२६ रोजीं गर्ट्रूड एडर्ली या वीस वर्षांच्या अमेरिकन तरुणीनें त्याच क्रॉलनें इंग्लिश खाडी साडेचौदा तासांत पार केली. तोंवरच्या सर्व पुरुषांहून हा वेळ कमी होता!

याचें इंगित शरीररचनेंत आहे. बोटें मिटणारे बळकट स्नायु बोटांत नसतात. ते कोपराखालील हातांत असून त्यांच्या दोऱ्या मनगटांतून बोटांपर्यंत गेलेल्या असतात. बोटें आवळलीं कीं हे स्नायु सतत ताणलेले राहतात, त्यांतील रक्ताच्या वाहण्यास अडथळा येतो आणि कळ लागते. बरें, या श्रमानें देह तसूभरहि पुढें सरकत नाहीं. देह ओढण्याचें मोठें काम पाठीच्या व छातीच्या स्नायूंचें. कोपराखालचा हात म्हणजे वल्ह्याचें पातें. त्यानें आकार तेवढा धरावा. बोटांमध्यें किंचित् फट राहिली तरी पाणी तींतून फारसें निसटत नाहीं. हात पाण्याबाहेर आला कीं कोपर वर आणि मनगट सैल, भिजलेल्या पंचाप्रमाणें लोंबतें असावें. प्रत्येक फेरींत मिळणारा हा अर्ध्या क्षणाचा विसावा तासन्‌तास पोहणाऱ्याचें खरें भांडवल होय.

अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठाचे शिक्षक जेम्स कौन्सिलमन यांनीं निष्णात पोहणाऱ्यांचीं पाण्याखालून चित्रें घेऊन हाताच्या गतीचा बारकाईनें अभ्यास केला आणि १९६८ मध्यें तो ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. १९७९ मध्यें, वयाच्या ५८ व्या वर्षीं, त्यांनीं स्वतः इंग्लिश खाडी पोहून पार केली. तोंपर्यंत इतक्या वयाचा कोणीहि मनुष्य ती पोहून गेला नव्हता.